परिकल्पना परीक्षण, गुणवत्ता नियंत्रणातील
उत्पादनाच्या नमुन्यात आढळलेला फरक नेहमीच्या चढउतारात मोडतो की प्रक्रियाच बिघडली आहे, हे संभाव्यतेच्या आधारे ठरवण्याची संख्याशास्त्रीय पद्धत. ‘प्रक्रिया लक्ष्यावर आहे’ ही शून्य परिकल्पना आणि ‘ती ढळली आहे’ ही पर्यायी परिकल्पना असते.

इतिहास : डब्लिनमधील गिनेस या बीअर कारखान्यातील विल्यम गॉसेट यांनी लहान नमुन्यांसाठीची कसोटी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने प्रसिद्ध केली. अमेरिकेत वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये नियंत्रण तक्ता मांडला. येर्झी नेमन व एगॉन पिअर्सन यांच्या १९३३ मधील निबंधाने परीक्षणाला भक्कम गणिती पाया मिळाला. भारतीय संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात आले होते.

उदाहरण : ५०० ग्रॅमच्या पिशव्या भरणाऱ्या यंत्राचे प्रमाण विचलन ४ ग्रॅम आहे असे धरू. १६ पिशव्यांच्या सरासरीचे प्रमाण विचलन १ ग्रॅम येते. सरासरी ४९७.६ ग्रॅम भरली, तर यंत्र ठीक असताना एवढा किंवा याहून मोठा फरक पडण्याची शक्यता सुमारे १.६ टक्के असते. ही शक्यता ५ टक्क्यांहून कमी असल्याने ५ टक्के सार्थकता पातळीवर शून्य परिकल्पना नाकारली जाते. शूहार्ट यांच्या नियंत्रण तक्त्यातील तीन प्रमाण विचलनांच्या मर्यादेत मात्र हीच सरासरी बसते.

दोन चुका : ठीक चाललेले यंत्र थांबवणे ही पहिल्या प्रकारची चूक, तर बिघडलेले चालू ठेवणे ही दुसऱ्या प्रकारची. स्वीकृती तपासणीत त्यांना अनुक्रमे उत्पादकाची व ग्राहकाची जोखीम म्हणतात. यंत्र ठीक असताना ५ टक्के पातळीवर सरासरी दर २० नमुन्यांमागे एकदा खोटा इशारा मिळतो, तीन विचलनांच्या मर्यादेत सुमारे ३७० नमुन्यांमागे एकदा. पण यंत्र २ ग्रॅमने ढळले, तर पहिली मर्यादा ते एका नमुन्यात सुमारे ५२ टक्के वेळा पकडते, दुसरी केवळ १६ टक्के. तीच दुसरी मर्यादा ठेवून नमुना ६४ पिशव्यांचा केल्यास हे प्रमाण ८४ टक्क्यांवर जाते.

मर्यादा : शून्य परिकल्पना नाकारता आली नाही, एवढ्यावरून प्रक्रिया निर्दोष ठरत नाही, नमुना अपुराही असू शकतो. म्हणून सार्थकता पातळी व नमुन्याचा आकार मोजमापाआधीच, दोन्ही चुकांची किंमत तोलून ठरवावा लागतो. आकडे पाहून मर्यादा सरकवली, तर परीक्षणाला अर्थ उरत नाही.