रोह्याची सीमा आणि राउटरची आज्ञाभाषा

आपट्याहून पेणमार्गे येणारा लोहमार्ग १९८६ साली रोह्यापर्यंत पोहोचला. तेथून पुढील मार्ग कोकण रेल्वेने बांधला व तो १९९८ साली संपूर्ण खुला झाला. रोह्यास मध्य रेल्वेची हद्द संपते; गाडी मात्र बदलावी लागत नाही, कारण रुळांमधील १,६७६ मिलिमीटरांचे अंतर दोन्हीकडे एकच आहे. दोन व्यवस्था जेथे भिडतात तेथे पूर्वसंकेत आवश्यक असतो. ह्याच तत्त्वाचे एक अर्वाचीन उदाहरण प्रस्तुत टिपणात भाषेच्या अंगाने पाहावयाचे आहे.

पेण व रोहे येथील दोन कार्यालयांची संगणकजाळी भाड्याच्या तारेने जोडावयाची आहेत, असे समजू. दोन्ही टोकांस एकेक राउटर बसतो व त्याच्या सिरियल इंटरफेसवर, म्हणजे बाहेरच्या दारावर, तार येते. १९८४ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या सिस्को कंपनीच्या राउटरवर ही जुळणी लेखी आज्ञांनी करता येते. प्रथम ‘इंटरफेस सिरियल’ व दाराचा क्रमांक, मग ‘आयपी अ‍ॅड्रेस’, मग ‘एन्कॅप्सुलेशन’, शेवटी ‘नो शटडाउन’.

ह्यांतील पहिली आज्ञा पाणिनीच्या अधिकारसूत्रासारखी आहे. तिने तारेवर काहीच घडत नाही. पुढील आज्ञा कोणास लागू पडावयाच्या एवढेच ठरते. दाराचे नाव पुढे अनुवृत्तीने येत राहते आणि दुसरे दार उच्चारताच पहिल्याचा अधिकार संपतो. अनुवृत्ती कोठवर न्यावयाची ह्याविषयी वैयाकरणांत वाद झाले आहेत. यंत्र ओळीच्या आरंभी खूण छापते खरे. परंतु आपण दाराच्या अधिकारात आहोत इतकेच ती सांगते, दाराचा क्रमांक सांगत नाही. तो ध्यानात ठेवणे आज्ञा देणाऱ्याकडेच राहते.

‘नो शटडाउन’ हा प्रयोगही लक्षणीय होय. दार मुळात बंद असते, परंतु ‘उघड’ असे क्रियापद ह्या भाषेत नाही. बंद करण्याच्या आज्ञेस निषेधवाचक ‘नो’ जोडून उघडण्याचा अर्थ साधला जातो.

‘एन्कॅप्सुलेशन’ म्हणजे संदेश कोणत्या वेष्टनात घालावयाचा ह्याचा निर्देश. एचडीएलसी ह्या वेष्टनपद्धतीस १९७० च्या दशकात आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. सिस्कोने मात्र तिचे स्वतःचे रूप वापरले, म्हणून अन्य कंपन्यांच्या यंत्रांशी ते सहसा जुळत नाही. भिन्न यंत्रांना समान ठरेल अशा पीपीपी पद्धतीचे प्रमाणरूप १९९४ साली सिद्ध झाले. पेणकडे एक व रोह्याकडे दुसरी पद्धत ठेवल्यास यंत्र सांगते की रेषा चालू आहे, पण तिच्यावरील व्यवहार बंद आहे. दोन्हीकडील प्रत्येक आज्ञा व्याकरणदृष्ट्या शुद्ध असूनही संवाद घडत नाही.

आज्ञांचा क्रम केवळ पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यास हा दोष सापडणे कठीण. कारण तो कोणत्याही एका आज्ञेत नसून दोन टोकांच्या संबंधात असतो. म्हणून ह्या विषयाचे मराठीतून अध्यापन करताना इंग्रजी शब्दांना प्रतिशब्द देऊन भागणार नाही. अधिकार, अनुवृत्ती, निषेध व संकेत ह्या आपल्या शास्त्रपरंपरेतील कल्पना त्या कामी उपयोगात आणाव्यात, असे सुचवावेसे वाटते.