मरणाकडे बघणारे: मेक्सिकोचे अस्वस्थ करणारे लघुपट

विषय ऐकून काहींनी विचारलं, सर, तत्त्वज्ञान सोडून मेक्सिकोचे काळेकुट्ट लघुपट कशाला? सांगतो.

७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रं दाखवली गेली, हे आपल्याला ठाऊकच आहे. ६ ऑगस्टला मेक्सिको शहरात, चापुल्तेपेकच्या राजवाड्यात, राष्ट्राध्यक्ष पोर्फिरिओ दियास यांच्यापुढे तसाच खेळ झाला. ल्युमिएरांचा प्रतिनिधी गाब्रिएल व्हेर याने त्याच वर्षी चापुल्तेपेकच्या वनात मिनिटभराचा एक तुकडा टिपला. दोन गृहस्थ पिस्तुलं घेऊन समोरासमोर उभे राहतात, गोळी सुटते, एक कोसळतो. होती ती नक्कलच, मुद्दाम वठवलेली. पण वृत्तपत्रांत तक्रार झाली, की बघणाऱ्याला हे खोटं आहे हे कळावं कसं? म्हणजे बघा, सिनेमा देशात येऊन काही महिनेच झालेले आणि प्रश्न उभा राहिला तो बघणाऱ्याचा.

आता सर्वसाधारण समजूत अशी, की मेक्सिकोच्या माणसाला मरणाचं वेड. पोसादाने कोरलेली कत्रिना, म्हणजे झोकदार टोपीतला स्त्रीचा सांगाडा, आणि मृतांचा सण, ही उदाहरणं देतात. पण रेने कास्तियोचा २००१ चा 'आस्ता लोस उएसोस' बघा. पुतळ्यांच्या ॲनिमेशनमध्ये पुरलेला माणूस सांगाड्यांच्या मैफलीत जाऊन पडतो, कत्रिना गाते, आणि तो हळूहळू रुळतो. भीती वाटत नाही, उलट गंमत वाटते.

भीती वाटते ती कार्लोस कारेराच्या 'एल एरोए'ची. एल एरोए म्हणजे नायक. जेमतेम पाच मिनिटांचा हा ॲनिमेशनपट. १९९४ साली कान महोत्सवात लघुपटाचा पाम दोर याला मिळाला. मेट्रोचं गर्दीचं स्थानक. एका माणसाच्या लक्षात येतं, की ती मुलगी रुळांवर उडी टाकणार. तो तिला अडवायला जातो, ती ओरडते, पोलीस त्यालाच ओढून नेतात. आणि गाडी येते.

नीतिशास्त्राच्या वर्गात आम्ही हा लघुपट दाखवत असू. एकदा एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, बाकीचे कुठे बघत होते?" आम्ही हेतू, कर्तव्य, परिणाम असं पुष्कळ बोललो. उत्तर काही दिलं नाही.

पुढे कधीतरी लोकलच्या फलाटावर एक माणूस कडेला उभा दिसला, जरा जास्तच पुढे. गाडी आली, आम्ही चढलो. बहुधा काहीच झालं नसेल. पण आम्ही वळून बघितलं नाही, एवढं पक्कं आठवतं.

द्वंद्वाच्या त्या तुकड्यापासून कारेरापर्यंत अठ्ठ्याण्णव वर्षं जातात. मरणारा बदलतो, बघणारे तेच राहतात. म्हणून हा विषय आमच्या मते तत्त्वज्ञानाचाच.

पाच मिनिटं काढून लघुपट बघा. त्या मुलीच्या प्रश्नापासूनच पुढच्या वेळी सुरुवात करू.