गोव्याला विचारलं, वऱ्हाडाला कोणी विचारलं?

‘संविधान एवढं चांगलं आहे ना, मग घेऊन टाका एकदा त्यावर जनमत!’ आरक्षणाचा विषय निघाला की हे वाक्य हल्ली वाशीमच्या चहाच्या टपरीवरही ऐकू येतं. बोलणाऱ्याला वाटतं, आपण लोकशाहीचीच बाजू घेतली. तेव्हा आधी आपल्या शेजारी झालेलं एक जनमत तपासू.

16 जानेवारी 1967. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्रशासित ठेवायचा, यावर गोव्यात मतदान झालं. विलीनीकरणाची निशाणी फूल, केंद्रशासित राहण्याची दोन पानं. 1963 ची निवडणूक विलीनीकरणाच्या मुद्द्यावर जिंकलेल्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला विधानसभेतला ठराव पुरेसा वाटत होता. युनायटेड गोवन्सचे जॅक सिक्वेरा म्हणाले, थेट लोकांना विचारा. त्यासाठी संसदेने 1966 मध्ये खास कायदा केला, मतदान निष्पक्ष व्हावं म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार आधी पायउतार झालं. दोन पानांना 1,72,191 मतं पडली, फुलाला 1,38,170.

आंबेडकरी वाचकाने यातली एक गोष्ट सोडू नये. फुलामागे मोठ्या संख्येने बहुजन होते. भाटकाराच्या जमिनीवर राबणाऱ्या कूळ-मुंडकाराला महाराष्ट्रात सुटकेची वाट दिसत होती. मराठीचं प्रेम होतंच, पण पोटाचा आणि मानाचा प्रश्नही होता. जनमत हरलेल्या बांदोडकरांना याच समाजाने त्याच वर्षी पुन्हा मुख्यमंत्री केलं. आणि मतपत्रिकेवर पर्याय किती? दोनच. स्वतंत्र राज्य हा तिसरा पर्याय छापलाच नव्हता. ते 30 मे 1987 ला मिळालं.

तरी गोव्याला निदान विचारलं. आपलं काय? 1955 मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली. त्याच वर्षी बाबासाहेबांनी भाषिक राज्यांवरच्या पुस्तकात मराठी मुलखाचे चार भाग सुचवले, वऱ्हाड-नागपूरचा एक. एका भाषेच्या मोठ्या राज्यात एकाच बलाढ्य जातीचं राज्य येईल आणि लहान समाज चिरडले जातील, ही त्यांची भीती होती. 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, 1960 मध्ये महाराष्ट्रात. अकोला जिल्ह्यातल्या तेव्हाच्या वाशीम तालुक्यात यासाठी एक मतपेटीही आली नाही. कलम 3 प्रमाणे संसदेला ती आणण्याची गरजही नव्हती.

म्हणजे आम्ही जनमताचे विरोधक नाही. कुठल्या राज्यात राहायचं, हे लोकांनाच विचारा. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीने 1958 मध्ये द गॉलच्या राज्यघटनेला मतदानातून ‘नाही’ म्हणत स्वातंत्र्य घेतलं. पण त्याच गिनीत 2020 मध्ये नव्या राज्यघटनेवर जनमत घेऊन अध्यक्ष अल्फा कोंदे यांनी तिसऱ्यांदा उभं राहण्याची सोय करून घेतली. हत्यार तेच.

शेजाऱ्याला माणूस मानायचं की नाही, हा मात्र मतदानाचा विषय नाही. आपल्या संविधानाने दुरुस्तीचा अधिकार कलम 368 मध्ये संसदेला दिला, काही बाबतींत निम्म्या राज्यांची संमती मागितली. जनमताची तरतूद ठेवली नाही. यामागचा अनुभव महाडला विचारा. तिथल्या नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळं अस्पृश्यांना खुलं करण्याचा ठराव केला. मार्च 1927 मध्ये बाबासाहेब खरोखरच पाणी प्यायले, आणि ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने ठराव मागे घेतला. रीतसर, बहुमताने. तो हक्क शेवटी 1937 मध्ये मुंबई हायकोर्टातून मिळवावा लागला.