छडी, परीक्षा आणि घराचा ओलावा

शाळा आणि घर यांचे नाते आपल्याकडे कसकसे बदलत गेले, हे पाहिले म्हणजे आजच्या पुष्कळ तक्रारींचे मूळ हाती लागते. नीरेकाठच्या सारोळ्यासारख्या गावांत जुन्या काळी शाळा म्हणजे देवळाची ओवरी नाहीतर कुणाची पडवी, आणि शिक्षक म्हणजे पंतोजी. धूळपाटीवर मोडी अक्षरे गिरवायची आणि पावकी-निमकी घोकायची, एवढाच अभ्यासक्रम. चुकले तर अंगठे धरून ओणवे राहायचे. शाळा चुकवणाऱ्यास चार दांडगी पोरे हातपाय धरून उचलून आणीत. 'उचलबांगडी' हा शब्द आज आपण बदलीच्या बातम्यांत वाचतो. त्या काळच्या मुलांच्या अंगावर तो काटा आणी.

तरीही पंतोजी गावचा माणूस होता. आवणीच्या दिवसांत पोरगे का आले नाही, हे त्यास सांगावे लागत नसे. १८५४च्या वूडच्या खलित्यानंतर, १८५५मध्ये मुंबई इलाख्यात स्वतंत्र शिक्षणखाते झाले. शाळा वाढल्या, छापील पुस्तके आली; हा लाभ थोडा नव्हे. पण त्याबरोबर इयत्ता, हजेरीपट आणि तपासणीला येणारा डेप्युटीही आला. इंग्लंडात तर १८६२पासून मुले वाचन, लेखन व गणितात किती उतरली, यावर शाळेचे अनुदान मोजू लागले. मुंबई इलाख्यातल्या अनुदानित शाळांनाही पुढे याच मापाने मोजले गेले. मूल म्हणजे निकालाचा एक आकडा, ही दृष्टी तेथून रुजली.

या दृष्टीला उत्तर पुस्तकी पंडितांपेक्षा घराचे मोल ओळखणाऱ्या माणसांनी दिले. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. वसतिगृहात त्यांनी मुलांच्या खोल्या झाडल्या, आजाऱ्यांची शुश्रूषा केली. घर सोडून आलेल्या मुलास आधी घर मिळाले पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'त त्या शिकवणीचे मूळ सापडते. मात्र ही आई नुसती लाड करणारी नाही. पोहायला न जाणाऱ्या श्यामला ती शिंपटीने झोडपते, आणि मग त्याचे वळ पाहून तिचाच जीव कळवळतो. ते मारणे आज कोणी उचलू नये. पण तिच्या रागामागचा जिव्हाळा श्यामला कळत होता, एवढे ध्यानात घ्यावे. हजेरीपटाला असा कळवळा नसतो.

ताराबाई मोडकांनी आणखी एक पाऊल टाकले. १९४५ साली बोर्डीस त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. पुढे डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांसह ते काम वाढले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, याचे कारण त्यांनी मुलांच्या आळसात शोधले नाही. थोरल्या बहिणीच्या कडेवर धाकटे भावंड होते आणि भावाच्या मागे गुरे होती. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आली. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. बालवाडी थेट झोपडीच्या अंगणात गेली. बहिणीची माया हा शाळेच्या वाटेतला अडथळा न मानता त्यांनी तिलाच शाळेत जागा दिली. १९७५मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हे नाव देशभर गेले.

आता छडी कायद्याने गेली आहे. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलांना शारीरिक शिक्षा व मानसिक छळ करण्यास बंदी घातली. परंतु कायदा शाळेच्या फाटकापर्यंत पोचतो. गुणपत्रिका पाहून घरात धरला जाणारा अबोला, शेजारच्या मुलाशी रोज होणारी तुलना, यांवर कोणाची तपासणी चालणार? पूर्वी डेप्युटी वर्षातून एखादे वेळी येई; आज पुष्कळ घरांत तो रोज जेवायला बसतो.

परीक्षा नकोत, शिस्त नको, असे आम्ही म्हणत नाही. शाळेला नियम लागतात. शंभर मुले एका माणसाने सांभाळायची असतात. घराची गोष्ट निराळी. नापास झालेल्या मुलाने ती वार्ता प्रथम आपल्या आईबापांस निर्भयपणे सांगावी, एवढा विश्वास घराने त्यास दिला पाहिजे. तो देण्यास खात्याची मंजुरी लागत नाही, आणि तो देण्याचे काम शाळेवर सोपवताही येत नाही.