दाढ भरली, बिल आले. विमा कुठे आहे?

दाढ ठणकू लागली की दंतवैद्य आठवतात आणि बिल हाती पडले की विमा आठवतो. घरातील सर्वांच्या नावे दरवर्षी न चुकता मेडिक्लेमचा हप्ता भरला जात असताना दाढेत भरलेल्या सिमेंटचे पैसे का मिळू नयेत, हा प्रश्न कोल्हापुरातील अनेक कुटुंबांना पडतो. चांदी भरली असती तर मिळाले असते काय, अशीही शंका येते. या दोन्ही प्रश्नांचे उत्तर पॉलिसीच्या शब्दांत आहे.

भरण्याचे प्रकार

पूर्वापार चालत आलेली ‘चांदी’ म्हणजे अमल्गम. त्यात चांदी, कथील व तांबे यांच्याबरोबर वजनाने सुमारे निम्मा पारा असतो. ती टिकाऊ असते. मात्र ती बसविण्यासाठी दात थोडा अधिक कोरावा लागतो. पाऱ्याच्या प्रदूषणामुळे युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून तिचा वापर काही वैद्यकीय अपवाद वगळता थांबविला. तोंडात आधीपासून असलेली चांगली चांदी केवळ त्या भीतीने काढून घेण्याची गरज नसते.

ग्लास आयनोमर हे सिमेंट दाताला स्वतः चिकटते व फ्लोराइड सोडते. दुधाच्या दातांना आणि हिरडीलगतच्या किडीला ते सोयीचे असते; पण चावण्याच्या दाबाने लवकर झिजते. दाताच्या रंगाचे कंपोझिट थराथराने भरून निळ्या प्रकाशाने घट्ट केले जाते. त्यास वेळ व खर्च अधिक लागतो. प्रयोगशाळेत घडवून बसविला जाणारा सिरॅमिक किंवा सोन्याचा ‘इनले’ सर्वांत महाग.

पॉलिसी काय म्हणते?

विमा नियामक प्राधिकरणाने ठरवून दिलेल्या दंतोपचाराच्या व्याख्येत तपासणी, दात काढणे, कॅप, शस्त्रक्रिया यांच्यासोबत दात भरण्याचाही उल्लेख आहे. तो वाचून ग्राहकाचा समज होतो की खर्च मिळणार. परंतु व्याख्या वेगळी आणि लाभ वेगळा. सर्वसाधारण आरोग्य विमा रुग्णालयात किमान २४ तास दाखल होण्यावर उभा आहे. डे-केअर उपचारांना यातून सूट असली, तरी सामान्यतः बाह्यरुग्ण विभागात होणारे उपचार त्यात धरले जात नाहीत. दात भरणे हे खुर्चीत बसून अर्ध्या-पाऊण तासात उरकणारे काम. त्यामुळे चांदी असो वा कंपोझिट, दावा साहित्याच्या प्रश्नापर्यंत पोहोचतच नाही.

१ एप्रिल २०२० पासून सुरू झालेल्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत आजार किंवा इजेमुळे आवश्यक ठरलेला दंतोपचार समाविष्ट आहे; पण तोही रुग्णालयात दाखल झाल्यासच. महामार्गावर दुचाकी घसरून जबडा व दात दुखावले आणि रुग्णाला दाखल करावे लागले, तर दावा उभा राहू शकतो. घरी सोडल्यानंतरच्या ६० दिवसांतील, त्याच इजेशी संबंधित खर्चही मागता येतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनाही प्रामुख्याने रुग्णालयातील उपचारांसाठी आहे. साधी दाढ भरण्यासाठी नव्हे.

मग मार्ग कोणते?

पहिला मार्ग बाह्यरुग्ण खर्चाचे संरक्षण देणाऱ्या पॉलिसीचा. काही कंपन्यांच्या सामूहिक विम्यातही ते असते. येथे मात्र वार्षिक मर्यादा, प्रतीक्षा काळ आणि ‘सौंदर्यवर्धक उपचार वगळून’ हे शब्द बारकाईने वाचावेत. जादा हप्ता आणि मिळणारी मर्यादा यांत फारसे अंतर नसेल, तर तो व्यवहार आतबट्ट्याचा ठरतो.

दुसरा मार्ग राज्य कामगार विमा योजनेचा. शिरोली, गोकुळ शिरगाव येथील कारखान्यांतील पात्र कामगारांना व त्यांच्या कुटुंबीयांना या यंत्रणेत दंतोपचारही मिळतात. पात्रतेसाठीची मासिक वेतनमर्यादा २०१७ मध्ये २१ हजार रुपये करण्यात आली.

तिसरा मार्ग शासकीय रुग्णालये आणि दंत महाविद्यालयांचा. महाविद्यालयांत विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ अधिक लागतो; खर्च बराच कमी होतो.

मुले अमेरिकेत असलेल्या पालकांना तेथील वेगळी पद्धत ऐकू येते. तेथे दातांचा विमा स्वतंत्र असतो. अनेक योजना दाढेत कंपोझिट भरले तरी चांदीच्या दराने पैसे देतात आणि फरक रुग्णाला सोसावा लागतो. म्हणजे तेथे साहित्य पाहिले जाते, येथे दाखल होणे.

हे लक्षात ठेवा

उपचारापूर्वी साहित्य व खर्च यांचा लेखी अंदाज घ्यावा. ‘बाह्यरुग्ण दंतोपचार मिळतो का, किती रकमेपर्यंत?’ हे कंपनीला लेखी विचारावे. बिल, एक्स-रे आणि दाताचा क्रमांक असलेली चिठ्ठी जपावी. दावा नाकारल्यास आधी कंपनीकडे तक्रार करावी. महिन्याभरात समाधान न झाल्यास पुण्यातील विमा लोकपालांकडे दाद मागता येते.

दावा मिळावा म्हणून अनावश्यक दाखल होण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये. तसा दावा फेटाळला जाऊ शकतो, शिवाय तो गैरव्यवहार ठरतो. आणि विमा नाही म्हणून दाढ तशीच ठेवणे सर्वांत महागात पडते. कीड नसेपर्यंत पोहोचली की साध्या भरण्याऐवजी रूट कॅनाल आणि कॅप यांचा खर्च येतो आणि तोही बहुधा खिशातूनच जातो. दातांच्या बाबतीत वेळेवर भरलेला छोटा खड्डा हाच तूर्त सर्वांत भरवशाचा विमा आहे.