बनारसच्या सायकलरिक्षाचा सांगाडा
वाराणसीतल्या सायकलरिक्षाचा पुढचा अर्धा भाग एका माणसासाठी बनलेल्या सायकलचा असतो. मागचे चाक काढायचे, त्या जागी लोखंडी चौकट, आडवा आस, दोन चाके आणि बैठक जोडायची, की रिक्षा तयार. तिच्या मजबुतीच्या सगळ्या अडचणी या जोडकामातून निघालेल्या आहेत.

मूळ सायकल इंग्रजी ‘रोडस्टर’. पोलादी नळ्या सांध्यांत घालून पितळेने झाळलेल्या, 28 इंची चाके, पुढच्या चाकाला 32 आणि मागच्याला 40 तारा. उंच माणसासाठी फ्रेम उंच करावी लागे आणि तशी फ्रेम वजनाखाली डोलू लागे. म्हणून मोठ्या मापाच्या सायकलींना इंग्लंड-हॉलंडचे कारखाने वरच्या दांड्याखाली आणखी एक दांडा टाकत. भारतात या दुसऱ्या दांड्याचा उंचीशी संबंध उरला नाही. दुधाचे कॅन, धान्याची पोती, लाकडाच्या मोळ्या वाहणाऱ्यांनी तो उचलला आणि ‘डबल दांडा’ ही ओझ्याची सायकल ठरली.

माणसाने ओढायची रिक्षा भारतात 1880 च्या सुमारास सिमल्यात आली, नंतर कोलकात्यात रुजली. 1930 च्या दशकात तिथे पॅडलची रिक्षा दिसू लागली आणि हळूहळू गंगेकाठच्या शहरांत पसरली. बनारसमध्ये इक्के-टांगे मागे पडत गेले. घोड्याला दाणावैरण लागते, रिक्षाला लागत नाही. चालवणाऱ्याला लागते, पण तो खर्च मालकाच्या हिशेबात येत नसे. सोनपतची अ‍ॅटलस 1951 मध्ये आणि लुधियानाची हीरो 1956 मध्ये सुरू झाली. देशी कारखान्यांनी रोडस्टरचा नमुना जवळजवळ तसाच चालवल्यामुळे सुटे भाग स्वस्त आणि गल्लोगल्ली मिळू लागले. रिक्षा बांधणाऱ्या कारागिराला एवढे पुरेसे होते.

एका माणसाची फ्रेम अशा रीतीने तिघांना वाहू लागली. काशीला येणारे यात्रेकरू एकटे क्वचितच असतात. कँट स्टेशनहून घाटांजवळच्या गोदौलिया चौकाकडे निघालेल्या रिक्षात दोन प्रौढ, मांडीवर मूल आणि पायाशी वळकट्या हे नेहमीचे दृश्य. ब्रेक फक्त पुढच्या चाकाला. त्यामुळे थांबताना सगळे वजन पुढच्या फोर्कवर कोसळे आणि तो वाकत असे. मागे बहुतेक रिक्षांत साखळीचा जोर एकाच चाकाला मिळतो, म्हणून प्रत्येक जोरासरशी चौकट पिळवटली जाते. सायकलचा भाग जिथे मागच्या लोखंडाला मिळतो, त्या सांध्याला मग चीर पडते.

कारागिरांनी यावर काढलेला तोडगा अस्सल देशी होता. फोर्कच्या दोन्ही बाजूंनी आसापासून हँडलपर्यंत सळया लावल्या, सांध्यावर पट्ट्या वेल्ड केल्या, तारा जाड केल्या. पोलाद इथे उपयोगी पडले, कारण ते तुटण्याआधी वाकते आणि रस्त्याकडेच्या वेल्डरकडूनही पुन्हा जोडून घेता येते. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला ही सोय नाही. पण प्रत्येक दुरुस्तीने लोखंड वाढले. रिकामी रिक्षाच सुमारे 80 किलोची झाली, तिला गिअर नव्हते, आणि रोजच्या भाड्याने ती घेणाऱ्या, बहुधा बिहार-पूर्वांचलातून आलेल्या चालकाला तिच्या घडणीबद्दल कोणी विचारले नव्हते. फ्रेम टिकली ती त्याच्या गुडघ्यांच्या जिवावर.

हे गणित उलटे मांडण्याचे प्रयत्न 1990 च्या दशकात झाले. सातारा जिल्ह्यातल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत (‘नारी’) अनिल राजवंशी यांनी पाच गिअरची, आखूड साखळीची, मागच्या चाकांनाही ब्रेक असलेली रिक्षा तयार केली. विजेवर चालणारी ‘इलेक्शा’ हेही याच संस्थेचे काम. ऊसपट्ट्यातल्या शेती संशोधन संस्थेने रिक्षात हात घालावा हे थोडे अनपेक्षितच. त्याच सुमारास ‘आयटीडीपी’ या संस्थेने आग्र्यात सुधारित रिक्षा आणली. सायकल आणि बैठक जोडण्याऐवजी एकसंध सांगाडा केला की भार सगळीकडे वाटला जातो आणि कमी लोखंडात काम भागते, ही तिच्यामागची कल्पना. वजन 55 किलोच्या आसपास आले. बनारसमध्ये 2010 मध्ये सुरू झालेल्या ‘एसएमव्ही व्हील्स’ या कंपनीने चालकांना हप्त्यांवर रिक्षा देऊन मालक करण्याचा मार्ग धरला. रिक्षा स्वतःची झाली, की ती हलकी असण्यात कोणाचा फायदा हे वेगळे सांगावे लागत नाही.

या सुधारणा मुरण्याआधीच बॅटरी आली. 2014 च्या नियमांनी ई-रिक्षाला चार प्रवासी, 40 किलो सामान आणि ताशी 25 किलोमीटर ही मर्यादा घातली. 2015 मध्ये तिच्यासाठी मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. 1 मे 2016 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते वाराणसीत ई-रिक्षांचे वाटप झाले. मोटर आल्यावर वजनाची धास्ती संपली आणि सांगाडे पुन्हा जड झाले. जुनी जोडघडण आता मुख्यतः मालवाहू ट्रॉलीत उरली आहे. बैठकीच्या जागी फळ्यांचा माच असतो, आणि पुढे तीच सायकल, फोर्कच्या दोन सळयांसकट.