कराराचा फोटो आणि कंपनीचं गेट

सकाळी साडेसहाला उस्मानपुऱ्याच्या चौकात उभं राहा. डबा हातात, ओळखपत्र गळ्यात, कंपनीच्या बसची वाट बघणारी पोरं दिसतील. कुणी वाळूजचं, कुणी चिकलठाण्याचं, कुणी शेंद्र्याचं. जवळच शासकीय तंत्रनिकेतन आहे. या दोन गोष्टींच्या मधलं अंतर कापायला आपल्या शहराला किती वर्षं लागली, आणि कुणाकुणाला ते अजून कापता आलेलं नाही, यावर आज थोडं लिहितो. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

निमित्त साधंच. परवा व्हॉट्सॲपवर पुन्हा एक फोटो आला. एक कंपनी, एक सामाजिक संस्था, मध्ये फाईल, सगळ्यांचे हसरे चेहरे. ‘वंचित युवकांना रोजगाराभिमुख प्रशिक्षण देण्यासाठी सामंजस्य करार’. वीसेक वर्षांत अशा किती बातम्या लावल्या, मोजल्या नाहीत. नावं तेवढी बदलतात.

आता जरा मागे जाऊ. 1889 मध्ये या शहरात कापड गिरणी उभी राहिली, सातशे माणसांना काम मिळालं. 1900 मध्ये रेल्वे आली. पण त्यानंतर निजामाच्या राज्यात पुढची पन्नास वर्षं मोठ्या कारखानदारीची गाडी काही पुढे सरकली नाही. 1948 च्या सप्टेंबरात मराठवाडा मुक्त झाला आणि 1950 मध्ये बाबासाहेबांनी इथे मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या दारातच अडवलं, त्यांच्या पोरांसाठी दार उघडलं ते आधी शिक्षणाचं. 1955 मध्ये तंत्रनिकेतन आलं. तेव्हा हे काम समाजाने आणि सरकारने केलं, कारण मदतीला घ्यायला कंपन्याच नव्हत्या.

पुढे एमआयडीसी आली, आधी रेल्वे स्टेशनची, मग चिकलठाण्याची. देशात 1961 मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. कारखान्याने पोरांना ठरावीक काळ कामावर घ्यायचं, शिकवायचं आणि विद्यावेतन द्यायचं. कंपनीने तरुणांसाठी काय करावं, हे सांगणारा हा जुना कायदा. त्यात दानधर्माची भाषा नाही, बंधन आहे. तरी 1974 मध्ये मराठवाड्यातले विद्यार्थी नोकऱ्या आणि विकास मागत रस्त्यावर उतरलेच. म्हणजे कायदा होता, पण तो लागू करायला पुरेसे कारखाने नव्हते.

1985 मध्ये वाळूजला बजाज आली आणि गणित बदललं. एका मोठ्या कारखान्याभोवती सुटे भाग पुरवणारे शेकडो छोटे उद्योग उभे राहिले. गंगापूर, पैठण, वैजापूरकडची आयटीआय झालेली पोरं खोल्या करून राहू लागली. त्यांतल्या बहुतेकांचं खरं शिक्षण झालं ते लेथवर, उस्तादाच्या शिव्या खात. कुठलाही करार नव्हता, फोटो नव्हता. कामाची गरज होती, म्हणून शिकवणं होतं.

साधारण 1990 च्या आसपास चिकलठाण्यात इंडो-जर्मन टूल रूम सुरू झाली. जर्मनीची मदत, केंद्र आणि राज्य सरकारचा सहभाग. तिची खुबी अशी की ती निव्वळ शाळा नाही. तिथे उद्योगांसाठी साचे आणि टूल प्रत्यक्ष तयार होतात आणि त्याच छताखाली पोरं शिकतात. काम चुकलं तर ते गिऱ्हाईकाचं चुकतं. त्यामुळे तिथून बाहेर पडलेल्या पोराला मुलाखतीत फार काही सिद्ध करावं लागत नाही.

2007-08 मध्ये केंद्राने देशातल्या 1396 सरकारी आयटीआय उद्योगांशी जोडायची योजना आणली. प्रत्येकी अडीच कोटींपर्यंत बिनव्याजी कर्ज, आणि व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षपदी उद्योजक. कागदावर झकास. जिथे अध्यक्ष मनापासून आला तिथे यंत्रं बदलली. जिथे सहीपुरता आला तिथे रंगरंगोटी झाली.

आपल्याच जिल्ह्यात खुलताबादला ‘प्रथम’ ही संस्था आणि ताज हॉटेल समूह यांनी मिळून हॉटेल व्यवसायाचं प्रशिक्षण सुरू केलं. शाळा अर्धवट सुटलेली, घरची परिस्थिती बेताची असलेली मुलं-मुली. संस्थेला गावातली घरं माहीत, हॉटेलवाल्यांना काम माहीत. दोघांनी आपापलं माहीत असलेलं आणायचं, भागीदारी म्हणतात ती याला.

मग 2013 चा कंपनी कायदा आला. निव्वळ संपत्ती 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा नफा 5 कोटी, यांपैकी काहीही एक असलेल्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करायचे. एप्रिल 2014 पासून हे लागू झालं. खर्चाच्या यादीत कौशल्य प्रशिक्षणही आहे. पैसा वाढला, केंद्रं वाढली, फोटोही वाढले.

पण यात एक मेख आहे, तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. फक्त आपल्या कर्मचाऱ्यांच्या फायद्यासाठी केलेला खर्च या दोन टक्क्यांत धरता येत नाही. नियम योग्यच आहे, नाहीतर कंपन्यांनी आपलाच खर्च समाजसेवा म्हणून दाखवला असता. परिणाम मात्र असा होतो की पोरांना शिकवणारा विभाग वेगळा आणि भरती करणारा वेगळा. पहिला मोजतो किती जणांना प्रमाणपत्र दिलं. दुसरा ठेकेदाराला फोन करून सांगतो, उद्या वीस माणसं पाठव. हे दोघं बऱ्याचदा एकमेकांशी बोलतसुद्धा नाहीत.

हे मला कळलं ते उशिरा. काही वर्षांपूर्वी मी अशाच एका प्रशिक्षण वर्गाच्या समारोपाची बातमी लावली होती. फोटोत पुढच्या रांगेत एक पोरगा होता. सहा-सात महिन्यांनी तोच पोरगा स्टेशन रोडवर भेटला, गाडीवर पाण्याचे जार वाहत होता. मला ओळखून म्हणाला, “साहेब, बातमीचं कात्रण घरी लावलंय. आईने फ्रेम केली.” मी विचारलं, नोकरीचं काय? तो नुसता हसला. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. करार झाला तेव्हा मी गेलो, समारोपाला गेलो. त्यानंतर एकदाही गेलो नाही.

2024 मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. सहा महिने काम आणि शिक्षणानुसार महिन्याला सहा, आठ, दहा हजार. पुढे मुदत वाढली, पण ‘आता पुढे काय?’ म्हणत प्रशिक्षणार्थी आंदोलनाला बसलेच. त्यांचा प्रश्न आणि त्या पाण्याचे जार वाहणाऱ्या पोराचा प्रश्न एकच आहे.

सव्वाशे वर्षांच्या या गोष्टीतून मला एवढंच दिसतं: शिकवणाऱ्यालाच जिथे त्या पोराच्या हाताची गरज होती, तिथे पोरगं उभं राहिलं. जिथे फक्त आकड्याची गरज होती, तिथे प्रमाणपत्र भिंतीवर गेलं. आता बिडकीनला मोठमोठे उद्योग येऊ घातलेत. जमिनी तिथल्या शेतकऱ्यांच्या गेल्यात. तेव्हा प्रत्येक कराराच्या वेळी कोटींचा आकडा ऐकून टाळ्या वाजवण्याआधी तीन गोष्टी विचारू. शिकलेल्यांपैकी किती जणांना कंपनी स्वतः घेणार? कायमचं की ठेक्यावर? आणि एक वर्षाने ही यादी जाहीर करणार का?

माझ्यापुरतं ठरवलंय. यापुढे अशा कराराची बातमी लावली की डायरीत वर्षानंतरची तारीख टाकणार आणि त्या दिवशी पुन्हा जाणार. तुमच्या घरात, गल्लीत असं प्रशिक्षण घेतलेलं कुणी असेल तर पुढे काय झालं ते कॉमेंटमध्ये लिहा. चांगलं झालं असेल तर तेही लिहा, त्याचीही बातमी करू.